सलग

सराव तिसरा : एक माणूस, एक काम, संवाद नाही.
दोन मिनिटं. सगळे शॉट जुळले पाहिजेत.

मी सांगलीची, म्हणून मार्केट यार्डच सुचलं.
अडत्यानं, वडिलांची ओळख निघाली म्हणून,
दुपारी दोन ते पाचच्या बोलीवर गोदाम दिलं.
आत जिकडंतिकडं हळद :
थप्पीवर, पंख्याच्या पात्यांवर,
आमच्या ट्रायपॉडच्या सांध्यांत.

आवटीनं कॅमेऱ्यापुढं कोरा कागद धरला.
त्याला आधी सांगावं लागतं, हे पांढरं;
मग बाकीचे रंग त्याचे तो लावतो.
पण धरेधरेपर्यंत कागद पिवळा झालेला.
कॅमेऱ्यानं तोच पांढरा मानला
आणि मॉनिटरवर सगळं गोदाम निळसर, आजारी.
धुळाप्पा वाकून बघत म्हणाला,
"ह्यो मी न्हवं. माझी हळद उतरवली व्हय तुमी?"

लाँग शॉट. दार, उजेडाची पट्टी,
तिच्यातून तो पोतं घेऊन येतो
आणि अंधारात जातो. एवढंच.
फोकस गेला. परत.
कुणाचा तरी फोन वाजला. परत.
तिसऱ्यांदा नीट आलं.

मिड शॉट. मी सांगत होते,
मघाशी उंबऱ्याच्या आत डावा पाय आधी पडला,
आत्ताही डावाच.
टॉवेलची गाठ उजवीकडं होती.
घाम कानापर्यंत होता, आता हनुवटीवर आलाय, पुसा.
"घामाला बी खूण करून ठिवू काय?"
नाझनीननं वहीत सगळं टिपलं होतं,
गाठ, पाय, बाही, घाम.
पोत्याचं वजन कुणीच लिहिलं नव्हतं.

मग मी खडूनं जमिनीवर रेघ ओढली.
कॅमेरा हिच्या अलीकडंच राहायचा.
पलीकडं गेला की बघणाऱ्याला वाटतं
माणूस उलटा निघाला, पोतं परत ठेवायला.
धुळाप्पा रेघेकडं बघत राहिला.
"वाटतंय कशाला?
दर टायमाला परत ठिवतुयच की मी."

चहाला थांबलो. आवटीचा लाइट मीटर त्यानं तळहातावर घेतला.
"आमचा बा हरिपुरात पेवात उतरायचा.
आदी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं न्हाई."
मीटर परत देताना त्यावर
पिवळा अंगठा उठलेला.

क्लोजअप. नुसता खांदा आणि मान.
पोत्याची कडसुद्धा फ्रेममध्ये नव्हती,
म्हणून आम्ही म्हटलं, आता भुसा भरलेलं घ्या.
त्यानं ते उचललं, दोन पावलं चालला, खाली टाकलं.
"ह्येनं मान अशी हुत न्हाई," म्हणाला,
आणि हळदीचंच पाठीवर घेतलं.
टेक अकरा.

पाच वाजले. शेवटी तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करायची,
खोलीचा आपला आवाज, तुकडे सांधायला.
सगळे पुतळे. धुळाप्पाही.

मग तो म्हणाला, "अकरा पोत्यांची हमाली."
अडत्या हसला. पोतं एकच, आणि तेही जागच्या जागी!
नाझनीननं काही न बोलता वही पुढं केली,
टेक एक ते अकरा, वेळेसकट.
अडत्यानं चष्मा लावला.
पावतीपुस्तकासारखी ती पानं उलटली,
आणि माझ्याकडं बघितलं.
मी पर्स उघडली. आवटीकडून तीस रुपये कमी पडले, ते घेतले.

पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत चार रात्री एडिट केलं.
डावा पाय डाव्या पायाला जुळला,
गाठ गाठीला.
चौदा सेकंदांत एक पोतं दारातून थप्पीपर्यंत जातं.
सर म्हणाले, छान, कट कळत नाही.

त्या तीस सेकंदांत पारवे आहेत, दूरचा टेम्पो आहे,
आणि सगळे गप्प उभे असताना
एकाचा श्वास अजून खाली बसलेला नाही.
तो काढता आला असता.
मी पूर्ण फिल्मखाली अंथरलाय.