निधनवार्ता उघडी असताना

सर्व्हरांना तळ्यांची नावं द्यायची खोड धकाते सरांची.
जुना तो सक्करदरा.
नवा, परवाच खोक्यातून निघालेला, गोरेवाडा.
मधली निळी केबल माझ्या हातची,
तिला नाव नाही.

मे महिना. धंतोलीत रात्री साडेबारालाही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
अख्ख्या नागपुरात थंडी असेल तर या खोलीत,
म्हणून वॉचमन पौनीकर पाण्याची बाटली इथंच आणून ठेवतो
आणि मी स्वेटर घालून बसते.
आईला सांगितलं तर म्हणेल, पोरगी पागल होऊन रायली.

संपादक म्हणाले, बंद नाही करता येणार.
गोंदियाची गाडी पावणेतीनला निघते.

नऊ दिवस झाले, उपसते आहे.
आधी सगळंच: एकोणीस वर्षांची पानं,
वधू पाहिजे, भूखंड विकणे आहे,
कुठल्याशा पुराचे चारशे फोटो
ज्यातला एकच छापला गेला.
मग फक्त जे बदललं ते.
मग तेवढ्या वेळात पुन्हा जे बदललं ते.
फरक लहान लहान होत जातो
पण शून्य होत नाही,
वरच्या मजल्यावर माणसं टाइप करत असतात.

धकाते सर निवृत्त होताना एवढंच म्हणाले होते:
घर हलव, दारावरचा नंबर नको हलवू.

एक वाजून चौदा मिनिटं.
कोणाकडे काय उघडं आहे ते मला दिसतं.
क्रीडा बंद. बाजारभाव बंद.
चंद्रपूर पान चार, कोणीतरी आहे.
निधनवार्ता: रेवाराम टेंभुर्णे,
साडेअकरापासून.

फोन करून म्हणता आलं असतं,
काका, दोन मिनिटं हात थांबवा.
पण कोणाला थांबवायचं नाही हीच तर अट,
आणि खाली बाकावर दोन पोरं बसलेली,
पाकिटात पासपोर्ट फोटो घेऊन.

जुन्याकडून पत्ता काढून घेतला.
अकरा सेकंद
तो पत्ता नागपुरात कुठंच नव्हता.

मग गोरेवाड्यानं तो अंगावर घेतला
आणि नव्वद सेकंद दार अर्धंच उघडलं:
नव्या कोणाला काही नाही.
ज्याचं कुलूप होतं त्यानंच येऊन सांगायचं, हे माझं.
तलाठ्याकडेही इतका न्याय नसतो.

चंद्रपूर पान चार आलं.
टेंभुर्णे आले नाहीत.
साठ. सत्तर.
पंखे एकसुरात घोंघावत होते,
स्वेटरमध्ये मला घाम फुटला.
चौऱ्याऐंशीला आले.

लगेच इंटरकॉम.
‘काय वो पोरी, मशीन अडकलं होतं काय?’
हो काका, जरासं.
‘मले वाटलं माहाच हात अडकला.
बरं, खालच्या पोराले विचार,
प्रमिलाबाईतला मि पहिला का दुसरा?’

खाली गेले. थोरल्यानं खिशातून
घामानं मऊ पडलेलं रेशनकार्ड काढलं,
धाकटा म्हणाला, आई सही दीर्घ करायची.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मी दीर्घ सांगितलं.

नंतर नोंदी तपासल्या, सवयीनं.
सक्करदऱ्यावरची शेवटची प्रत: कै. प्रमि
गोरेवाड्यावरची पहिली: कै. प्रमीलाबाई
आणि पुढे वय, पश्चात दोन मुलं,
अंत्ययात्रा सकाळी नऊला राहत्या घरून, गंगाबाई घाटावर.
गाडी पावणेतीनला निघाली.

सक्करदरा मी चालूच ठेवलाय.
सर म्हणायचे, पंधरा दिवस तरी बंद नको करू,
कोणीतरी जुन्या वाटेनं येतंच.

अजून माणूस कोणी आलं नाही.
एक प्रिंटर येतो, रोज पहाटे चारला,
दार वाजवतो, काही न मागता जातो.
तीन मजले फिरले,
तो कुठं ठेवलाय
कोणालाच माहीत नाही.