आज नववा दिवस

तीस वर्षं ह्यांची ड्यूटी पाण्याच्या व्हॉल्व्हवर.
रात्री अडीचला उठायचं, सायकल काढायची,
लांबडी लोखंडी चावी खांद्यावर.
आणि मी स्टोव्हला पंप मारत चहाला.
आता रिटायर झालेत.
भिंतीकडं तोंड करून असे झोपतात
जशी काय नगरपालिकेनं पेन्शनीत झोपच दिलीय.
जाग तेवढी माझ्या नावावर केली,
वारस म्हणून.

मग काय करावं माणसानं अडीच वाजता?
बसवराजनं, भाच्यानं, जुना मोबाईल दिला,
कोपऱ्यात काच तडकलेला.
मावशी, झोप येईना की हे बघत जा, म्हणाला.

आधी एक आगगाडी बघायची.
कुठला देश कोण जाणे, अक्षरं लागत नाहीत.
ड्रायव्हरच्या काचेतून नुसता बर्फ.
बोगदा येतो, जातो. स्टेशनात कुणी चढत नाही.
चार तास कुणी कुणाला काही विचारत नाही.
आवडली होती.
पण मधीच आपली विकाराबादकडची शिट्टी मारते
आणि दोन्ही गाड्या
माझ्या एका उशीवर समोरासमोर.
सोडून दिली.

एक बाई भाकरी थापते.
चेहरा नाही, बोलणं नाही. बांगड्या, परात, तवा.
ते ऐकत लाखो लोक झोपी जातात म्हणे.
आता बोला!
आमच्या घरात त्या आवाजानं माणसं उठायची.

पावसाचं एक आहे. दहा तास, काळा पडदा.
एकदाच लावलं, बारीक आवाजात.
हे धडपडून उठले, बादली घेऊन
पन्हाळीखाली जाऊन उभे राहिले,
वर चांदणं बघून परत आले.
दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.
उदगीरात पावसाची असली थट्टा करू नये,
माझंच चुकलं.

खरा जीव माझा त्या गालिचेवाल्यावर.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाइप,
तोंड कधी दाखवत नाही.
कुठल्या पुरात सापडलेला, चिखलानं दगड झालेला
गालिचा आणून धाडकन टाकतो.
पहिलं पाणी काळं,
मग चहासारखं,
मग तांदळाच्या धुवणासारखं,
आणि खालून हळूच एक तांबडं फूल
वर यायला लागतं.
मी घागरी मोजते. सवय जात नाही.
एका गालिच्याला दोनशे तरी.
म्हणजे आमची गल्ली, अकरा घरं, एक पाळी.
पाप वाटतं. तरी बघते,
सासूच्या डोळ्याआड मिश्री लावावी तसं बघते.
कधी वाटतं त्याला सांगावं,
बाबा, शेवटचं निवळ पाणी तरी
एखाद्या झाडाला सोड.

परवा डोळा लागत आला होता.
फूल अर्धं उघडलेलं.
एवढ्यात भिंतीकडूनच हे:
"कुणाचा नळ चालू हाय? वाया चाललंय."
मी आवाज बंद केला.
"केला का बंद?"
केला.
"बरं."
आणि घोरणं पुन्हा सुरू.
तिकडं तो मुक्यानं धूत राहिला.

मग अफसरची सायकल वाजली, नवा व्हॉल्व्हमन,
पोरगा अजून चावी दगडावर आपटतो,
ह्यांनी कधी आपटली नाही.
आज नववा दिवस.
नळ आधी नुसता खोकला.
मोबाईल उपडा ठेवून मी उठले.
पहिलं पाणी लालसर, ते मोरीत.
दुसरं गढूळ, ते संडासाच्या बादलीत.
तिसरं निवळ आलं तेव्हा
खाली हंड्याचा तळ दिसला, ठोक्यासकट.

शेवटच्या घागरीपाशी मला झोप लागली म्हणे,
बसल्या जागी, हातात पाइप, पाय ओले.
ह्यांनीच उठून नळ बंद केला,
पाइप सोडवून घेतला, उठवलं नाही.

चहा मात्र
उठल्यावर मलाच करावा लागला.