मीटर

शन्यांगमध्ये, शाळेच्या भिंतीला चिकटून
सहा चौरस मीटरची एक खोली आहे.
खिडकी नाही. छताला ओल. मोरीत मेलेलं झुरळ,
गेल्या थंडीपासून तसंच.
किंमत मी विचारली नव्हती, खोंगबाईंनीच सांगितली.
त्यातली शून्यं मी तव्यापाशी येईपर्यंत मोजत होते.

त्या राहतात नदीपलीकडे, अठराव्या मजल्यावर.
इथे राहतो फक्त कागद,
लाल पुठ्ठ्याचा, मालकीचा.
कागदाला भूक नाही, सर्दी नाही,
पण त्याचा मुलगा इथे पहिलीत जातो.

मी गेटासमोर पातीच्या कांद्याची धिरडी विकते.
अकरा वर्षं भाड्याने, याच जिन्याखाली.
शाळेची घंटा आधी माझ्या तव्यावर वाजते.
कोणता मास्तर कधी खोकतो तेही ठाऊक.
खिडकीमागच्या बाईने अर्ज परत सरकवला,
वाईट नव्हती बिचारी, म्हणाली,
"आधी मालकांची मुलं. मग जागा उरली तर..."
ते 'तर' मी घडी घालून गल्ल्यात ठेवलंय.

तपासायला माणसं येतात:
घरात खरंच कुणी राहतं का?
वीज जळते का, पाणी वाहतं का?
म्हणून खोंगबाईंनी किल्ली माझ्याकडे दिली.
महिन्याला ऐंशी युआन.
संध्याकाळी दिवा लावायचा, नळ सोडायचा,
थोडं राहून दाखवायचं.

नुसतं पाणी सोडून देणं माझ्या हाताला जमेना.
मी तिथे पालक धुऊ लागले, मग कपडे,
मग एकदा शुएलान आली, दोन बस बदलून,
तिच्या लांबच्या शाळेतून,
आणि पालथ्या बादलीवर वही ठेवून बसली.

आता रोज बसते.
पिवळ्या उजेडात वजाबाकी करते, हातचा विसरते,
खोडते, पुन्हा करते.
दारामागे मीटरचा लाल ठिपका लुकलुकतो,
आकडा चढत जातो
जुनहावच्या नावावर.

मार्चमध्ये, भर दुपारी, तपासनीस आला.
मीटर पाहिलं, नळ उघडून पाहिला.
भिंतीवर उंचीच्या रेघा होत्या, पेन्सिलीच्या.
त्यांवर बोट फिरवत म्हणाला,
"वाढलाय हं पोरगा."
मी म्हटलं, "हो."

रात्री शुएलान भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
टाचा टेकवून, हनुवटी सरळ.
बोटभर तरी वाढली होती.
तिच्या डोक्यावर पट्टी धरून
मी पेन्सिल शोधत राहिले,
पेन्सिल माझ्याच हातात होती.