वापरोत्तर पाहणी

औसा सोडलं की सोयाबीनचं रान संपता संपता
नवं सांगवळ लागतं. तीस वर्षं झाली, तरी नवंच.
भूकंपानंतर कवायतीला उभी केलेली घरं,
आणि मास्तरची पाठ फिरताच
पोरांसारखी पांगलेली :
कुणी पुढं पत्रा ओढलाय, कुणी मागं भिंत सारलीय.

माझ्याजवळ लेझरचं मापक, टॅब,
अठ्ठेचाळीस प्रश्न.
प्रश्न एकोणीस : स्वयंपाकघराचा वापर कशासाठी होतो?
‘पोत्यांसाठी,’ सोजरबाई म्हणाल्या.
‘सैपाक भाईर. धूर कुठून जावा?’
प्रश्न वीस : शयनकक्ष?
त्या हसल्या.
‘स्लॅबखाली निजायला जीव धजंना, बाई.
आता नातवं निजतात. त्येन्ला काय ठावं.’

‘काय मापलालाव सकाळधरनं?’
दस्तगीर मिस्त्री दारात उभे.
खोली, म्हटलं. तीन मीटर बाय तीन साठ.
‘म्हंजे किती खण?’

मला सांगता येईना.
खण म्हणजे दोन खांबांमधली जागा,
चोळीचं कापड,
ओटीत पडतो तो.
पाच वर्षं शिकले, पंचवीस वर्षं शिकवलं,
आणि हे माप
माझ्या एकाही नकाशात नव्हतं.

संध्याकाळी ग्रामसेवकानं
कपाटाच्या तळातून मूळ नकाशा काढला.
अमोनियाचा वास कधीच उडालेला,
रेघा जांभळ्या पडून पुसट.
खालच्या कोपऱ्यात चौकट :
मंजुरी, साहेबांची सही.
तपासणी, वाचता येत नाही.
रेखांकन, वै. हं.

वैजयंती हंगरगेकर. मीच.
बावीस वर्षांची, औरंगाबादेत,
रात्री अकराला, शून्य-दोनच्या पेननं
एका दाराचं पाव वर्तुळ काढत बसलेली.
तेवढ्या एका पाव वर्तुळाची
साडेआठशे घरं झाली.
गाव पाहिलं नव्हतं.
दार आत उघडतं, असं काढलं,
कारण पुस्तकात दारं आत उघडतात.

सकाळी पुन्हा रांगांमधून फिरले.
प्रत्येक दार बाहेर उघडत होतं.

पळायला.

सोजरबाईंना सांगायचं धाडस झालं नाही.
मिस्त्रींना सांगितलं.
त्यांनी तंबाखूवर चुना मळला, फुंकर मारली.
‘मग बरं झालं आलाव ते.
दोनशे दारांच्या बिजागऱ्या म्या फिरवल्या.
मजुरी कुणाला मागावी, कळत नव्हतं.’

नकाशा आता इथं कुणी मागत नाही.
तीन हजारांत मोबाईलवर येतो, कमानीसकट.
मला विचारतात ते निराळंच :
शेजारी वरचा मजला चढवतोय, माझी भिंत तग धरंल का?
घरकुलाचा हप्ता अडलाय, तुमची सही चालंल का?
बोअरपाशी दुपारी तीनला बायका उभ्या असतात,
तिथं सावली पाडता येईल का?
सावलीचं उत्तर मला देता आलं.
काठीनं मातीत रेघ ओढली, तीन वाजेपर्यंत थांबले,
रेघ जरा चुकली, पुन्हा ओढली.
बाकीच्यांसाठी फोन लावत बसले.
भिंतीखाली पाया कुठवर गेलाय
ते मिस्त्रींनी पहारीनं ठोकून सांगितलं,
मी टॅबवर लिहून घेतलं.
आमच्या दोघांत कारकून मीच होते.

अहवालात ‘निष्कर्ष’ असा रकाना आहे.
तिथं सध्या एवढंच लिहिलंय :
पत्र्याखालचा कट्टा, उंची दीड हात,
कारण सोजरबाईंचा गुडघा.

आणि खर्चाच्या पानावर, प्रवास आणि छपाईच्या मध्ये :
बिजागऱ्या फिरवण्याची मजुरी, दारं दोनशे,
थकीत.

दिल्लीहून विचारणा आलीय,
हा खर्च संशोधनात कसा बसतो.
उत्तर अजून पाठवलेलं नाही.