बोरिवलीची मुळी

प्रणितने डबा ओट्यावर ठेवला.
काळा, माझ्या कुकरएवढा.
वर सोनेरी सिंह, सिंहाला माणसाचे दंड,
मागे बर्फाचे डोंगर.
"आत्या, सगळं हर्बल आहे. केमिकल नाही."
किंमत विचारली तर म्हणाला, ऑफर होती.

मी चष्मा लावला.
बत्तीस वर्षं कॉलेजच्या हर्बेरियममध्ये
वाळकी झाडं कागदावर चिकटवली;
लेबल वाचायची खोड जात नाही.
सिंहाच्या पाठीमागे, मुंगीच्या अक्षरात,
एक अख्खं रान दाटीवाटीने उभं होतं.

गोखरू.
अरे, हा तुझ्या आजोबांच्या सायकलचा वैरी.
एका काट्यात ट्यूब खलास.
पंक्चरवाला शिव्या द्यायचा त्याला,
आणि त्याच्याच जिवावर चूल पेटायची त्याची.

अश्वगंधा.
ताजं मूळ मोडून हुंग, नाकात घोडा शिरतो,
जुहूच्या वाळूत दहा फेऱ्या मारून आलेला, घामेजलेला.

कवचबीज.
इथे मला हसू आवरेना.
खाजकुइली रे ती, बाळा!
सातवीच्या सहलीत, कान्हेरीच्या वाटेवर,
मखमल समजून शेंग कुणी कुरवाळली होती?
रात्रभर कोण नाचलं होतं चड्डीवर?
तिचीच ही बी.
तेव्हा फुकट मिळाली होती.

त्याने नकळत कोपर खाजवलं.

शेवटी, सफेद मुसळी.
शेजारी तिरक्या अक्षरांत शास्त्रीय नाव.
"मोठ्याने वाच."
"क्लोरोफायटम बोरि... बोरिवि..."
"हं."
"आपली बोरिवली?"
"आपलीच. जिथे तुझं जिम आहे,
मोबाइल कव्हरांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर,
तिथून चालत गेलं तर तासाभरात रान.
तिथल्या मुळीला गावाचं नाव लावलं कुणीतरी.
तू ती बर्फातून आलेली समजून खातोयस."

माझ्या कपाटात होता तिचा एक कागद.
पांढरी मुळं, बाळाच्या बोटांसारखी, जुडग्याने.
डिंक लावताना दरवेळी वाटायचं,
मूठ मिटेल.

स्नायू वाढतात का याने?
मला नाही माहीत.
मी शास्त्रज्ञ नव्हते, मी डिंक लावायचे.
इतकंच कळतं की डब्यात पूड आहे,
आणि पूड झाली की
गोखरूही बोचत नाही, खाजकुइलीही गप्प,
कोण कुणाच्या नावावर आत बसलंय
ते सिंहालाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला मंडईत नेलं.
जिवली वरठा बसते तिथे, पुलाच्या खांबाशी,
फोडशीच्या जुड्या घेऊन. वीसला एक.
हीच ती, किंवा हिची सख्खी बहीण;
पानं खायची, डाळ घालून.
प्रणित वाकला, जिमवाल्या आवाजात म्हणाला,
"मावशी, मुळी पण द्या ना. कितीला?"
जिवलीने त्याचे दंड बघितले, मग माझ्याकडे.
"मुळी नाय इकत.
मुळी काढली त पुढल्या साली काय खासील, ह्यो हात?"

घरी निवडताना एका जुडीत
चुकून एक मुळी आली, करंगळीएवढी.
आम्ही दोघं बघत राहिलो तिच्याकडे,
चोरी पकडल्यासारखे.

डबा महिनाभरात संपला. दंड होते तेवढेच,
की थोडे जास्त? तो म्हणतो, थोडे जास्त.
त्याच डब्याला भोकं पाडून, सिंह भिंतीकडे करून,
खिडकीत लावलीय मुळी.
गणपतीपर्यंत हिरवीगार होती.
दिवाळीला पानं पिवळी पडली, मग गेलीच.

"मेली, आत्या. टाकू का?"
चमच्याने माती उकरायला निघाला होता.
"हात लावू नको," मी म्हटलं.
"आत आहे ती.
अंग धरतेय."