भरोसा सर

एलादिओ ब्रोसेटा यांचा बायोडाटा मी टाइप केला
रोलिंग मिलच्या हिशेब खात्यात,
भंगाराच्या वजनपावत्या बाजूला सारून.
वय एकसष्ट. अनुभव सव्वीस वर्षं. क्लब अकरा.
अकरा म्हणजे पुरी टीमच की, मी म्हणालो.
हो, तो म्हणाला, आणि मी तिच्या बाहेर.

समुद्राकाठचा क्लब, तिसरी डिव्हिजन : चौदा सामने.
डोंगरातला, दुसरी डिव्हिजन : एक हंगाम आणि वर नऊ दिवस.
एकदा सगळ्यात वरच्या डिव्हिजनलाही, तात्पुरता,
पाच रविवार.
त्यांचा फोटो पाकिटात होता,
केस काळे, टाय कुणाचा तरी उसना.
मग सायप्रस, मग मोरोक्को, मग एक देश
ज्याचं स्पेलिंग मी दोनदा विचारलं.
शेवटचा रकाना : सोडण्याचं कारण.
अकरा वेळा तेच. करार समाप्त.

खरं कारण त्यानं अंबड चौफुलीला सांगितलं,
चहा बशीत ओतायला नुकताच शिकला होता तेव्हा.
मी पोरांना चेंडू उंच मारू देत नाही.
चेंडू जमिनीवरच पाहिजे.
मालक म्हणतात, मार पुढं, काहीही कर, जिंक.
मी म्हणतो, नाही.
मग सामान बांधतो.

धाकट्या शेठनी त्याला जालन्यात आणलं
हौसेनं, आठ महिन्यांच्या करारावर.
गोलकीपर अफरोज, चंदनझिऱ्याचा, वेल्डिंग करून यायचा,
डोळे लालच असायचे.
नवनाथ खांडेभराड सायकलवर, बूट गळ्यात.
पोरांच्या तोंडात ब्रोसेटा बसेना,
चार दिवसांत त्याचं भरोसा सर झालं.

पहिल्या सकाळी त्यानं वाकून मुरूम चिमटीत चोळला,
विचारलं, सामन्याआधी पाणी कधी मारता?
ओल्यावर चेंडू सरकतो, इथं उड्या मारेल.
सर, म्हणलं, नळ नवव्या दिवशी येतो.
त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकलं.
नऊ वाजता?
नवव्या दिवशी.

शेठनी टँकर पाठवला.
भिंतीपलीकडून बायकांची डोकी वर आली, हातात घागरी.
‘मुरमाला पाजायलेत माय, अन् आपले ड्रम कोरडे.’
त्यानं विचारलं, काय म्हणतात?
मी म्हणालो, काही नाही.
दहा मिनिटांत जमिनीनं सगळं गिळलं, ढेकरही दिली नाही.
दुसरा टँकर त्यानं मागितला नाही.

रविवारी माझ्या मेव्हण्याची मोसंबी पाहायला गेलो, बदनापूरकडं.
पानं मलूल, आळी फुटलेली.
तो एका झाडाजवळ बसला,
कलमाच्या जोडावर अंगठा फिरवत राहिला.
ताण दिलाय, मेव्हणा म्हणाला, पाणी तोडलंय, मग फुटंल.
मी भाषांतर करायच्या आतच त्यानं मान हलवली.
त्याचा बाप संत्र्यांची कलमं बांधायचा.

सोमवारी मैदानावर म्हणाला, उंच मारा.
मला दोनदा सांगावं लागलं, पोरांना खरं वाटेना.
अफरोजनं पहिला चेंडू असा काही मारला
की मिलच्या धुरात दिसेनासा झाला.
भरोसा सर पाठ फिरवून उभे होते,
चेंडू पडल्याचा आवाज आला तेव्हा खांदे जरा हलले.

परभणीशी एक-एक.
नांदेडला दोन-एक, दोन्ही नवनाथच्या डोक्यानं.
त्या रात्री पोरांनी त्याला उचलून घेतलं,
आणि तो हसला, पण लाजल्यासारखा,
जसा पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा वाढून घेतलेला माणूस.
पुढच्या सामन्यात हरलो. शेठचं मन क्रिकेटकडं गेलं.

बाराव्या ओळीपाशी मी थांबलो. कारण?
बराच वेळ त्यानं खिडकीतून भट्टीचा लाल उजेड पाहिला.
कोरं ठेव, म्हणाला.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, रकाना अपूर्ण.
तोवर तो विमानात बसून गेलेला.
मी लिहिलं, करार समाप्त. शिक्का मारला.

त्याच रात्री तीन वाजता नळ आला.
आमचे दोन भरले, आणि सवयीनं
शेजारच्या बंद दारासमोरचा
त्याचा निळा ड्रमही भरून ठेवला, काठोकाठ.
सकाळी बायको म्हणाली, काहून?