पासंग

सांगलीत, हळदीच्या पेठेमागच्या बोळात माझं दुकान.
काटे दुरुस्त करतो. सदतीस वर्षं.
आता निम्मे येतात बॅटरीवरचे, लाल आकडेवाले.
पण दांडीचे, दोन पारड्यांचे अजून येतात:
रद्दीवाल्याचा, खाटकाचा,
एकदा तर गुळानं तुला करायचा,
ज्याच्या पारड्यात मीच बसून डबा खाल्ला.

काटा आला की आधी त्यात काही ठेवत नाही.
रिकामाच टांगतो.
रिकामा असताना जो खरं बोलतो
त्याच्यावरच पुढं पोतं चढवायचं.

सुयोग, बहिणीचा मुलगा, बारावीनंतर बसून होता.
म्हणाला, मामा, तुमचं पेज काढू. जगाला कळू दे.
मी म्हटलं, जगाचा काटा बिघडलाय व्हय?
हसला. फोटो काढले.
भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ, छातीएवढी.
माझा हात, हातोडीसकट.
नखातलं ग्रीस पुसू नका म्हणाला, ते चालतं.

चौथ्या दिवशी अकराशे लाईक.
सौद्याच्या दिवशी अख्ख्या यार्डात
हमालांसकट एवढी माणसं नसतील.
अंगठे, बदाम, जोडलेले हात.
कुणी लिहिलं, 'लुप्त होत चाललेली कला, सलाम.'
मी तेव्हा भाकरी खात होतो.
कुणी लिहिलं, 'प्राईस?'
कशाची ते नाही लिहिलं.
कोपरगावचा एकजण रोज सूर्योदय पाठवतो.

त्या महिन्यात दुरुस्तीला आले नऊ काटे.
आधीच्या महिन्यात?
नऊ. वहीत आहे.

तरी खोटं कशाला सांगू,
रात्री दोनला उठून मी आकडा बघायचो.
शालन कूस बदलत म्हणाली,
पारड्यात काय पडलं का?

लहानपणी वडिलांबरोबर सौद्याला यायचो.
हळदीचा ढीग, दोन माणसं, हातांवर एक रुमाल.
रुमालाखाली बोटं बोटांशी बोलायची.
शंभर जण भोवती, भाव दोघांनाच ठाऊक.
रेवणसिद्ध शेटे म्हणायचे,
बोट दाबलं म्हणजे दाबलं,
त्या हाताला कळलं म्हणजे झालं.
(ज्याची हळद, त्याला मात्र शेवटी कळायचं.
तेही सांगायला पाहिजे.
रुमालाखाली पुष्कळ माणसं नागवली गेलीत.)
आता बोट काचेवर दाबतात.
काच उलट दाबत नाही.

मग एक दिवस तासगावहून दोन ओळी:
'डाव्या हातानं हातोडी धरणारा
तू इनामदारांच्या कारखान्यातला का?
मी दस्तगीर. शिकलगार.'

एकतीस वर्षांनी.
एसटीनं आला, कागदात गुंडाळलेली गंजकी दांडी घेऊन.
सुरी झिजली होती तिची. बसवून दिली.
पैसे काढायला लागला, मी शिवी दिली,
तेव्हा कुठं आम्ही ओळखीचे झालो.
अर्धा तास बोललो:
कोण गेलं, कुणाचे गुडघे गेले.
मग बोलणं संपलं.
दोघं चहाच्या रिकाम्या ग्लासांकडं बघत बसलो
आणि ते बरं वाटलं.

सुयोगनं विचारलं, मग? झाला की नाही उपयोग?

म्हणणार होतो,
तुझे अकराशे ह्या एकाच्या पासंगालाही पुरायचे नाहीत.
जिभेवर आलं होतं.
पण त्या अकराशेंनी अंगठा लावत लावत
तो फोटो तासगावपर्यंत ढकलला असेल तर?
आणि नसेल तर?
दस्तगीरला विचारलं, तुला कुठं दिसला?
म्हणाला, नातवाच्या मोबाईलवर. गाणं शोधत होतो.

मी बोललो नाही. दांडी टांगली.
दोन्ही पारडी रिकामी.
काटा इकडं जाईना, तिकडं ठरेना.
सुयोग वाकून बघत होता, मी बघत होतो.

दस्तगीर म्हणाला,
अरे, पंखा बंद कर आधी.